अलकनंदेहून आलेलं टपाल

इतिहास म्हटला की आपल्याला सनावळ्या आठवतात. गड, तह, लढाया, राजांची नावं. आम्ही गिरणगावातली माणसं त्यात आणखी एक सन धरतो, १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं परळ-लालबाग कायमचं बदललं. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, त्यातली एक घटना मात्र बारा अब्ज वर्षांपूर्वीची आहे. ती वाचणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात बसलेली आहेत.

२०२५ सालच्या नोव्हेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या दोघांचा शोधनिबंध ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राशी जैन ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी आणि योगेश वाडदेकर हे तिचे मार्गदर्शक. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांमध्ये त्यांना एक सर्पिलाकार दीर्घिका सापडली. मधे तेजस्वी गाभा आणि त्याच्याभोवती वळसे घेत गेलेले दोन नेटके हात, भुईचक्र पेटवल्यावर दिसतात तसे. तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे बारा अब्ज वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत आला. विश्वाचं आजचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं धरतात. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं.

या दीर्घिकेला त्यांनी नाव दिलं अलकनंदा. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनी आणि अलकनंदा रुद्रप्रयागला एकमेकींना भेटतात, म्हणून आकाशातल्या मंदाकिनीची ही लांबची बहीण अलकनंदा. मी कलाशाखेचा, साधा बी.ए. झालेला माणूस. शास्त्रज्ञांच्या गणितात मला गती नाही, पण नाव ठेवण्याच्या कलेतलं थोडंफार कळतं. हे नाव मला आवडलं. आपल्या मराठीतला ‘दीर्घिका’ हा शब्दही असाच पाण्याकाठचा आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं किंवा विहीर. आकाशातल्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाला आपल्याकडे विहिरीचं नाव मिळालं, आणि विहिरीत डोकावताना जसं खोल पाहावं लागतं तसंच तिकडेही पाहावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, बारा अब्ज वर्षांपूर्वीचा उजेड दिसायला असली अवाढव्य दुर्बीण आकाशात नेऊन का ठेवावी लागली? गच्चीवरच्या दुर्बिणीतून का नाही दिसत? याचं उत्तर एका कापडाच्या तुकड्यात आहे. आमच्याकडे गिरणीतून येणारं चौकडीचं कापड असायचं. ते ताणलं की चौकडी रुंद व्हायची. विश्व प्रसरण पावतं आहे, म्हणजे अवकाशाचं कापडच ताणलं जातं आहे. त्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या लहरीही वाटेत ताणल्या जातात. अलकनंदेचा प्रकाश इथवर येईतो पाचपट ताणला गेला आहे. तिथून निघताना जो हिरवा होता, अर्धा मायक्रॉन लांबीच्या लहरींचा, तो इथे पोचतो तेव्हा अडीच मायक्रॉनचा झालेला असतो. हा प्रकाश तांबड्याच्याही पलीकडचा असतो, आपल्या डोळ्याला तो दिसत नाही. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात.

हा अदृश्य प्रकाश प्रथम सापडला तो १८०० साली, इंग्लंडमध्ये. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून कुठल्या रंगात किती उष्णता आहे ते पाहिलं. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत जास्त चढला. म्हणजे तिथेही काहीतरी येऊन पोचत होतं. हर्शेलचा तो तापमापी हा वेब दुर्बिणीचा दूरचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पण अवरक्त किरणांची एक अडचण आहे. जी जी वस्तू ऊबदार असते ती ते बाहेर टाकत असते. जमीन टाकते, हवा टाकते, माणूस टाकतो, खुद्द दुर्बीणही टाकते. शिवाय हवेतली वाफ यातले बरेचसे किरण वाटेतच गिळून टाकते. पहाटे दादरच्या फुलबाजारात उभं राहून, चारही बाजूंना झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग असताना, रस्त्यापलीकडच्या एका गच्चीवरच्या मोगऱ्याच्या एकाच कळीचा वास ओळखायचा आहे, असं समजा. मग दोनच उपाय उरतात. बाजारापासून लांब जायचं, आणि आपल्या स्वतःच्या अंगाला कसलाही वास नाही याची खात्री करायची. अवरक्त खगोलशास्त्राचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास हा या दोन उपायांचा इतिहास आहे. हवेच्या वर जा आणि दुर्बीण थंड करा.

या इतिहासातलं एक पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पलीकडे समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी १९४५ साली सुरू केलेली ही संस्था मुंबईत आधी पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात होती, मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात, आणि १९६२पासून कुलाब्याच्या आजच्या इमारतीत. पुण्याचं ते रेडिओ केंद्र हीही याच संस्थेची शाखा. कुलाब्यातल्या शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर व्यासाचा आरसा असलेली अवरक्त दुर्बीण बनवली आणि १९८०च्या दशकापासून ती हैदराबादहून प्रचंड मोठ्या प्लॅस्टिकच्या फुग्याला टांगून वर सोडायला सुरुवात केली. फुगा तीस किलोमीटरच्या वर जायचा, हवेतल्या जवळजवळ सगळ्या वाफेच्या वर. दुर्बीण रात्रीचे काही तास आकाश पाहायची, मग हवाई छत्रीने खाली यायची. कुठे उतरेल ते वाऱ्यावर अवलंबून. म्हणून हैदराबादच्या आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांना आवाहन केलं जायचं, आकाशातून पेटी उतरली तर घाबरू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा.

ही फुग्यावरची दुर्बीण फार दूरच्या दीर्घिका पाहण्यासाठी नव्हती. आपल्याच आकाशगंगेत, धुळीच्या ढगांच्या पोटात नवे तारे कसे जन्मतात, ते तिने पाहिलं. पण विद्या तीच, आणि शत्रूही तेच दोन, वाफ आणि ऊब. बाहेरच्या देशांत तोवर उपग्रह वर जाऊ लागले होते. १९८३च्या जानेवारीत अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ हा उपग्रह सोडला. द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या त्याच्या दुर्बिणीने दहा महिने अवरक्त आकाशाचा नकाशा काढला. हेलियम संपला तेव्हा दुर्बीण तापली आणि काम थांबलं. २००३ साली ‘स्पिट्झर’ गेली, तिचा आरसा ८५ सेंटिमीटरचा. ती २०२०पर्यंत चालली. आणि २०२१च्या नाताळच्या दिवशी फ्रेंच गियानातून ‘जेम्स वेब’ निघाली.

वेबचा आरसा साडेसहा मीटरचा. अठरा षटकोनी तुकड्यांचा, सोन्याचा मुलामा दिलेला, कारण अवरक्त किरण सोन्यावरून उत्तम परावर्तित होतात. ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर असते. सूर्य, पृथ्वी, चंद्र यांच्या उष्णतेकडे पाठ करून, टेनिसच्या मैदानाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत ती उभी असते. छत्रीआडच्या आरशाचं तापमान उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास. फुलबाजारातून बाहेर पडून, अंगाचा वासही पुसून टाकून, वेब त्या एका कळीसाठी थांबलेली आहे.

तरीसुद्धा अलकनंदा सहज हाती लागली नाही. ती ‘एबल २७४४’ नावाच्या दीर्घिकांच्या थव्यामागे आहे. हा थवा आपल्यापासून सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर. त्याचं वस्तुमान एवढं की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वळतो आणि भिंगातून पाहिल्यासारखा मोठा होतो. त्यामुळे अलकनंदा मुळात आहे त्याच्या सुमारे दुप्पट तेजस्वी दिसली. आकाशाच्या त्या तुकड्याची चित्रं वेगवेगळ्या एकवीस गाळण्यांमधून घेतलेली होती. कुठल्या गाळणीतून किती प्रकाश आला याचा ताळा घालून तिचं अंतर, तिच्यातल्या ताऱ्यांचं वय, धुळीचं प्रमाण काढलं गेलं. ही चित्रं जगातल्या सर्व अभ्यासकांना खुली होती. पुण्यातल्या विद्यार्थिनीने दुर्बिणीला हात लावला नव्हता. ती संगणकासमोर बसून हजारो अंधुक ठिपके चाळत होती.

मला यावरून रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळची आठवण होते. लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर सगळे चंद्र शोधायला जमायचे. गिरणीच्या चिमणीच्या डावीकडे बघ, जरा खाली बघ, असं सांगायला शेजारची हिंदू पोरंही असायची. चिमण्यांचा धूर, पश्चिमेची तांबूस धूळ, त्यात नखाच्या कडेएवढी कोर. पण एकट्याला दिसून भागत नसे. साक्ष द्यावी लागे, ती तपासली जाई, मगच ईद ठरायची. विज्ञानातही तसंच आहे. दिसलं म्हणून चालत नाही. निबंध लिहावा लागतो, त्या विषयातले दुसरे जाणकार तो उलटसुलट तपासतात, आणि त्यानंतरही इतरांनी येऊन पुन्हा पाहावं यासाठी वाट मोकळी ठेवावी लागते.

जुना उजेड खरा मानायचा का, हा प्रश्न मात्र अनेकांना पडतो. जे बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालं, ते आज आहे तरी का? मी दहा-अकरा वर्षांचा असताना चाळीतल्या बायकांची गावाहून आलेली पत्रं वाचून दाखवायचो. समोरच्या खोलीतल्या काकूंचं माहेर संगमेश्वराकडचं. एका पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या भावाची तार आली, आई गेली. काकू त्याच रात्रीच्या एस.टी.ने गेल्या आणि दिवसकार्य आटोपून परत आल्या. त्या परतल्या तेव्हा खोलीच्या दाराच्या फटीत एक पत्र पडलेलं होतं. तारेच्या आधी टाकलेलं, तारेनंतर पोचलेलं. आईने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. पाय आता बरा आहे, काळजी करू नये, पाऊस लागायच्या आत एकदा येऊन जा. मी वाचलं. काकू म्हणाल्या, ‘परत वाच रे बाबू.’ मी परत वाचलं. त्या पत्रातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. लिहिलं त्या दिवशी पाय खरंच बरा होता.

अलकनंदेचा उजेड असाच आहे. आज ती तशीच असेल का, दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेत मिसळून गेली असेल का, हे त्या उजेडात लिहिलेलं नाही. पण तो निघाला त्या दिवशी काय होतं, ते त्यात अचूक आहे. तिची रुंदी सुमारे तीस हजार प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तिच्यात सुमारे दहा अब्ज सूर्यांएवढं ताऱ्यांचं वस्तुमान होतं. वर्षाकाठी साठ सूर्यांइतके नवे तारे तिच्यात घडत होते, आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या जवळजवळ वीसपट. आपला सूर्य जन्माला यायला तेव्हा सात अब्ज वर्षांहून अधिक काळ बाकी होता.

आणि या पत्रातला मजकूर शास्त्रज्ञांना चकित करणारा आहे. समजूत अशी होती की विश्वाच्या बालपणी दीर्घिका अस्ताव्यस्त, गाठीगाठींच्या असाव्यात. वायू जमायला, त्याची सपाट तबकडी स्थिरावायला, तिच्यात वळशांचे सुबक हात उमटायला भरपूर काळ लागत असेल. अलकनंदा म्हणते, दीड अब्ज वर्षांत माझं सगळं मांडून झालं होतं. हे इतक्या लवकर कसं घडलं, तिची तबकडी शांतपणे फिरते की खळबळत, हे पुढच्या निरीक्षणांतून पाहायचं आहे. कुणी लगेच म्हणेल, मग विश्वाच्या जन्माची सगळी कल्पनाच चुकली. तसा निष्कर्ष यातून निघत नाही. दीर्घिका घडण्याच्या वेगाबद्दलच्या आपल्या कल्पना मात्र तपासाव्या लागतील. इथे जयंत नारळीकरांची आठवण होणं साहजिक आहे. ते अनेक वर्षं कुलाब्याच्या याच संस्थेत होते. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांनी आयुष्यभर मान्य केला नाही, आणि तरीही त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मराठी वाचकाला सरळ भाषेत समजावून सांगितले. अलकनंदेची बातमी यायच्या सहा महिने आधी, २० मे २०२५ रोजी ते गेले.

आता शेवटचा प्रश्न, जो मला लालबागमध्ये हमखास विचारतात. ‘हे सगळं ठीक आहे मियाँ, पण आपल्याला काय त्याचं?’ मी दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की भाभांची संस्था उभी राहिली ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर. टाटांच्या उद्योगाची सुरुवातीची मोठी उभारणी कापडाची. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ची, पुढे कुर्ल्याची स्वदेशी, परळची टाटा मिल. तेव्हा कुलाब्याच्या त्या दुर्बिणींच्या मुळाशी कुठेतरी कापसाचं सूत आहे, आणि ते सूत कातणारे हात आपलेच होते. पुढे तर संस्था सरकारी खर्चाने, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाने चालली. या आकाशावर आपला हक्क आहे, तो उसना नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. याच कुलाब्यात १८२६पासून एक वेधशाळा होती. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं तासातासाला वहीत उतरवली जात. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या लोकांनी नेमाने नोंदवून ठेवलं. १९०४मध्ये विजेच्या ट्रामचा उपद्रव नको म्हणून हे चुंबकीय काम अलिबागला नेलं, पण जुन्या वह्या राहिल्या. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवरून त्या वादळाची ताकद काढली आणि जगभर त्याचा दाखला दिला जाऊ लागला. आकडे लिहिणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती. त्यांनी फक्त त्या तासाचा आकडा चुकवला नाही.

याउलट एका बंद गिरणीची हजेरीपटं मी रद्दीच्या दुकानात वजनावर विकायला आलेली पाहिली आहेत. कुठली गिरणी, ते सांगत नाही. खात्याचं नाव, बिल्ला क्रमांक, माणसाचं नाव, पुढे महिनाभराच्या खुणा. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते असं म्हणतात. ते अडीच लाख कोण, कुठल्या गावचे, कुठल्या खात्यातले, हे त्या कागदांवर होतं. बारा अब्ज वर्षं निर्वात पोकळीतून आलेला उजेड शाबूत पोचतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचा परळचा कागद भेळेच्या पुड्यात संपतो. उजेड आपला आपण टिकतो. कागद कुणीतरी ठेवावा लागतो. ज्यांच्या माळ्यावर अजून जुने बिल्ले, पगाराच्या पावत्या, युनियनची पत्रकं असतील, त्यांनी ती टाकू नयेत, एवढीच माझी विनंती आहे. ती वाचणारं कुणीतरी पन्नास वर्षांनी येईल.

आणि जाता जाता, थंडीतल्या एखाद्या अमावास्येच्या आसपास कर्जतच्या गाडीने वांगणीला जा. मुंबईचा झगमगाट मागे पडला की डोक्यावर देवयानी तारकासमूहात धुक्याचा एक लहानसा ठिपका दिसेल. इस्फहानच्या अब्दुर रहमान अल्-सूफी यांनी इसवी सन ९६४च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची नोंद ‘लहान ढग’ अशी केली. तो ढग नसून आपल्यासारखीच दुसरी दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. सूफींची नोंद मधली साडेनऊशे वर्षं कुणी ना कुणी नकलून ठेवली होती. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. त्याला दुर्बीण लागत नाही, तिकीट लागतं ते फक्त गाडीचं.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)